इरईच्या फरशीवरचे ओरखडे

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातली पुनरावृत्ती काढली आहे.)



आपल्या चिटणीसांनी फोन करून विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "हिमनदी." ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "काका, इथे पंडरीत मे महिन्यात कूलरसमोर बसूनही घाम येतो, आणि तुम्ही हिमनदी म्हणता?" कार्यक्रमपत्रिकेत त्यांनी सांभाळून 'हिमालय दर्शन' असे छापले. तो गैरसमज आधी दूर करतो. मी बद्रीकेदारच्या यात्रेचे फोटो आणलेले नाहीत. आज आपल्याला जायचे आहे चंद्रपूरला. तिथेही मे महिन्यात पारा ४७ अंशांपर्यंत चढतो, हे नागपूर-चंद्रपूरकडची माहेरे असलेल्या भगिनींना सांगायला नको.

माझी सारी नोकरी दगडाची. आधी कोळसा, मग चुनखडी. कोळशाच्या शोधात बोअर मारतात तेव्हा जमिनीतून दगडाची लांब कांडी बाहेर काढतात, तिला कोअर म्हणतात. वालुकाश्म, कोळसा, शेल, पुन्हा कोळसा, असे करत करत एके दिवशी कोअरमध्ये हिरवट रंगाचा दगड येतो आणि त्यात मधूनच गोटे बसलेले दिसतात. कुठे ग्रॅनाइटचा, कुठे क्वार्ट्झाइटचा, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. ते दिसले की मुख्य ड्रिलर म्हणतो, "तालचीर लागला. बंद करा." कारण त्याच्या खाली कोळसा मिळत नाही. मी कितीतरी बोअर असे बंद केले. कोरबा म्हणा, रायगड म्हणा, आपल्या छत्तीसगढच्या कोळशाच्या बुडाशी बहुतेक ठिकाणी हाच थर आहे. पण हे गोटे तिथे आले कसे, हा प्रश्न मला पहिली काही वर्षे पडला नाही. बोअर बंद झाला म्हणजे सुट्टी, एवढाच त्याचा अर्थ होता.

तालचीर हे ओडिशातले गाव. जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया स्थापन झाली १८५१ मध्ये. पाचच वर्षांनी, १८५६ मध्ये, विल्यम आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे दोघे भाऊ आणि त्यांचे सहकारी थिओबाल्ड यांनी तालचीरच्या कोळसाक्षेत्राचा अहवाल लिहिला. बारीक चिखलात प्रचंड धोंडे बसलेला हा थर त्यांना बुचकळ्यात टाकत होता.

यात बुचकळ्यात पडण्यासारखे काय, असे वाटेल. आपल्या मूर्तिकारांना विचारा. शाडू भिजवतात, गाळतात, खडा बाजूला काढतात. नदीही तेच करते. वेग असेल तिथे गोटे टाकते, पुढे वाळू टाकते, अगदी संथ झाली की गाळ. पाणी निवडून टाकते. मग खोलीएवढा धोंडा आणि पिठासारखा गाळ एकाच जागी, एकात एक, कोणी टाकला? ज्याला निवडता येत नाही, अशा कोणीतरी. ब्लॅनफर्ड मंडळींनी नाव घेतले बर्फाचे. तेही जपून, हिमनदी म्हणायचे धाडस त्यांनी केले नाही, पाण्याच्या तळाशी गोठणारा बर्फ धोंडे उचलून नेत असावा असे म्हटले. युरोपातही हिमयुगाची कल्पना तेव्हा नवीच होती, अगासीझचे पुस्तक १८४० चे. आणि इथे तर उष्ण कटिबंधातला हिंदुस्थान! अनेकांनी विश्वास ठेवला नाही. धोंडे पुरामुळे येऊ शकतात, दरड कोसळूनही येऊ शकतात. बर्फ इथे खरोखर चालला याला पुरावा काय?

तो पुरावा मिळाला १८७२ मध्ये, आपल्या चांद्याला. सर्व्हेचे फेडन हे वर्धा-पैनगंगेच्या खोऱ्यात फिरत होते. इरई म्हटले की चंद्रपूरकरांना धरण आठवते. मी म्हणतो ते इरई नावाचे गाव. तिथे नदीने वरचा गोट्यांचा थर धुऊन काढला होता आणि खालची चुनखडी उघडी पडली होती. ती चुनखडी गुळगुळीत घासलेली होती आणि तिच्यावर एकमेकांना समांतर असे ओरखडे आणि खोबणी होत्या. वर बसलेल्या गोट्यांवरही तसेच ओरखडे होते. फेडन यांनी ही हकिकत १८७५ मध्ये सर्व्हेच्या 'रेकॉर्ड्स'मध्ये छापली. गोटे वाहून येऊ शकतात, पण जागच्या खडकावरचे ओरखडे कुठून वाहून येणार?

आता बाळगोपाळांसाठी एक प्रयोग सांगतो. घरी वाटीत थोडी वाळू टाका, वर पाणी, आणि फ्रीजरमध्ये ठेवा. बर्फ झाला की तो उलटा करून, वाळूची बाजू खाली धरून, अंगाच्या साबणाच्या वडीवरून एकाच दिशेने दाबून ओढा. (आईचा नवा साबण घेऊ नका.) नुसत्या बर्फाने वडीवर काही उमटत नाही, ती फक्त ओली होते. वाळूच्या बर्फाने रेघा उमटतात. हिमनदीचेही तसेच आहे. बर्फ मऊ. खडक घासतात ते त्याच्या पोटात अडकलेले दगड. बर्फ फक्त त्यांना घट्ट धरून ठेवतो आणि वरून ओझे देतो. ओझे किती? शंभर मीटर जाडीच्या बर्फाचे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ९० टन. बारीक पीठ असेल तिथे खडकाला पॉलिश होते, खडा असेल तिथे रेघ, मोठा धोंडा असेल तिथे खोबण. पाट्यावर वरवंटा फिरतो तसे. फक्त हा वरवंटा एकाच दिशेने जातो आणि हजारो वर्षे थांबत नाही.

एकाच दिशेने, हे मी म्हटले खरे. पण कोणत्या? साबणाच्या वडीवरची रेघ पाहून सांगा बरे, मी बर्फ डावीकडून उजवीकडे ओढला की उजवीकडून डावीकडे. सांगता येत नाही. रेघेला दोन टोके असतात. ईशान्य-नैर्ऋत्य अशी रेघ असेल तर बर्फ ईशान्येहून आला की नैर्ऋत्येहून, हे रेघ एकटी सांगत नाही. त्यासाठी टेकडी लागते.

ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती, पण डोळ्यांनी पाहिली ती आमच्या मुलीकडे गेलो तेव्हा. ती न्यू जर्सीत एडिसनला राहते. तिथे आपली इतकी माणसे आहेत की गणपतीत आरतीला झांजा कमी पडतात. आमच्या सौभाग्यवतींना न्यूयॉर्कची दुकाने पाहायची होती आणि मला सेंट्रल पार्कमधले खडक. जावईबापूंनी तोडगा काढला, दोघांनाही एकाच दिवशी नेले. ऐन मॅनहॅटनमध्ये, उंच इमारतींच्या मध्ये, त्या बागेत काळसर अभ्रकी खडकांचे उंचवटे आहेत. त्यातल्या एकाला अंपायर रॉक म्हणतात. मुले त्यावर घसरगुंडी करतात, तरुण मंडळी डबे उघडून बसतात. मी गुडघ्यावर बसून हात फिरवला. वायव्येकडची बाजू उताराची, घासून गुळगुळीत, तिच्यावर लांब खोबणी. आग्नेयेकडची बाजू एकदम तुटलेली, खडबडीत, पायरी पायरीची. बर्फ वायव्येहून आला आणि आग्नेयेला गेला. कोणी फलक लावायची गरज नव्हती.

असे का होते, तेही सांगतो. चालत्या बर्फाला खडकाचा उंचवटा आडवा आला की समोरच्या बाजूला दाब वाढतो. दाबाने तळचा बर्फ किंचित वितळतो, पाण्याचा पापुद्रा तयार होतो आणि बर्फ त्यावरून घसरत, घासत वर चढतो. म्हणून समोरची बाजू तासली जाते. पलीकडे उतरताना दाब कमी होतो. तिथे ते पाणी खडकाच्या भेगांत शिरून पुन्हा गोठते, खडकाचे तुकडे बर्फाला चिकटतात आणि बर्फ पुढे सरकताना ते उपटून घेऊन जातो. एकीकडे रंधा, दुसरीकडे पहार. अशा उंचवट्याला आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत मेषशिला म्हणतात. मूळ फ्रेंच नाव द सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने १७८६ मध्ये दिले. लोक समजतात बसलेल्या मेंढरासारखी दिसते म्हणून. पण त्या काळी तिकडे मेंढीची चरबी लावून चोपून बसवलेले केसांचे टोप घालत, त्यांच्या लाटांवरून त्याला हे सुचले म्हणतात. मला स्वतःला ती बसलेल्या म्हशीसारखी वाटली. पुढून गोल आणि मागून हाडे वर आलेली. पण ते नाव आता कोण घेणार!

टेकडी नसेल तर इतर खुणा शोधाव्या लागतात. चुनखडीत गारगोटीसारखी कडक गाठ असली तर ती झिजत नाही, आणि तिच्या आडोशाला मऊ चुनखडीची लहानशी शेपटी शिल्लक राहते. बर्फ जिकडे गेला तिकडे शेपटी. किंवा गोट्यांची चौकशी करायची: हा ग्रॅनाइट इथला नाही, मग कुठला? त्याचे मूळ गाव सापडले की वाट सापडली. मुलीच्या घराजवळून, मेटुचेन-प्लेनफील्डच्या बाजूने, त्याच बर्फाने आणून टाकलेल्या दगडमातीचा बांध जातो. बर्फ तिथवर आला आणि संपला, वीसेक हजार वर्षांपूर्वी. जावई रोज त्या बांधावरून मोटार चालवत ऑफिसला जातात. त्यांना माझ्यामुळे कळले, असे म्हणून थोडी फुशारकी मारून घेतो.

न्यूयॉर्कचा बर्फ कालपरवाचा. इरईचा बर्फ सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा. आणि इथे खरी अडचण सुरू होते. असाच थर, असेच घासलेले खडक दक्षिण आफ्रिकेत सापडले, ऑस्ट्रेलियात सापडले, दक्षिण अमेरिकेत सापडले. वय साधारण एकच. दिशा पाहू लागले तर आणखी कोडे. दक्षिण ऑस्ट्रेलियातला बर्फ दक्षिणेकडून जमिनीवर चढलेला. आज तिकडे नुसता समुद्र आहे. ब्राझीलमधला आग्नेयेकडून आलेला, तिकडेही समुद्र. समुद्रातून हिमनदी वर चढत नाही. दक्षिण आफ्रिकेतला बर्फ विषुववृत्ताच्या बाजूकडून दक्षिणेला गेलेला. आणि आपला तर कर्कवृत्ताजवळ. सारी पृथ्वी गोठली होती म्हणावे, तर त्याच काळी युरोप-अमेरिकेत दमट दलदली होत्या, त्यांचाच तिकडे कोळसा झाला.

वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने १९१५ च्या आपल्या पुस्तकात मांडले की खंडे जागची हलली आहेत. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, भारत, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका हे सारे दक्षिणेकडे एकत्र जुळवून ठेवा, की बर्फाच्या साऱ्या दिशा एका मोठ्या हिमाच्छादित प्रदेशातून बाहेर पडताना दिसतात. ब्राझीलचा बर्फ समुद्रातून नव्हे, शेजारच्या आफ्रिकेतून आला. ऑस्ट्रेलियाचा अंटार्क्टिकातून. लोक हसले. वेगेनर १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फावरच वारले. त्यांचे म्हणणे जगाने मान्य केले ते १९६० च्या दशकात, समुद्रतळाचा अभ्यास झाल्यावर. पण इरईच्या फरशीने साक्ष त्याच्या आधी जवळजवळ शंभर वर्षे देऊन ठेवली होती.

आणि या जोडलेल्या भूमीचे नाव? गोंडवन. मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये, म्हणजे फेडन इरईला पोहोचले त्याच वर्षी, आपल्या या खडकांना गोंडवन हे नाव दिले आणि पुढे १८८५ मध्ये झ्यूस यांनी ते साऱ्या दक्षिण महाखंडाला लावले. चांद्याच्या गोंड राजांचे आणि आपल्या छत्तीसगढच्या गोंडांचे नाव आज ब्राझीलमधला विद्यार्थीही घोकतो. आपण मात्र दर वर्षी स्नेहसंमेलनात गोंडी नृत्य ठेवतो आणि तेवढ्यावर थांबतो.

बर्फ वितळल्यावर काय झाले, ते पाहायला महाराष्ट्रातही जायला नको. आपल्या मनेंद्रगढला हसदेव नदीच्या काठी तालचीरच्या थरात समुद्री शिंपल्यांचे जीवाश्म आहेत. १९५४ मध्ये एस. के. घोष यांना सापडले, १९८२ मध्ये सर्व्हेने त्या जागेला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक केले. वितळलेल्या बर्फामागून समुद्र आत शिरला होता. छत्तीसगढमध्ये समुद्र! पण तो विषय मोठा आहे, पुढच्या वर्षीसाठी ठेवतो, बोलावलेत तर.

आता जे सांगायला मी खरे म्हणजे उभा राहिलो, ते. हे मी आजवर सौभाग्यवतींखेरीज कोणाला सांगितलेले नाही.

कोळसा सोडून मी चुनखडीत आलो तेव्हा वर्धा खोऱ्यातल्याच एका खदानीत होतो. नाव सांगत नाही, त्यांची काही चूक नव्हती. नवीन बेंच उघडायचे काम चालू होते. वरची माती आणि हिरवट चिकणमाती डोझरने ढकलली आणि खाली चुनखडीची फरस लागली. संध्याकाळी मी पाहायला गेलो तर फरशीवर रेघा. समांतर, लांब, चांगल्या पंधरा-वीस पावले गेलेल्या. छातीत धडधडले. इरईबद्दल तोवर मी वाचले होते. पण फोरमन म्हणाला, "साहेब, डोझरच्या दातांच्या आहेत." आणि तेही शक्य होते. डोझरची रेघ पांढरी, ताजी असते, तिच्यात भुगा असतो, ती मध्येच वळते, मध्येच सुटते. त्या उजेडात मला नीट दिसेना. काही रेघा पांढऱ्या होत्या, काही नव्हत्या.

तपासायची एकच खात्रीची रीत होती आणि ती मला माहीत होती. जिथे चिकणमाती अजून काढलेली नव्हती, तिथे फावड्याने हातभर माती सरकवायची. रेघ त्या मातीच्या खाली पुढे जात असेल तर ती डोझरची नाही. डोझर तिथवर पोहोचलेलाच नाही. अर्ध्या तासाचे काम. दोन मजूर आणि एक टॉर्च. पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बेंचवर ब्लास्टिंग होते, भोके मारायची मशीन सकाळी सहाला येणार होती, आणि त्या महिन्याचे टार्गेट मागे पडले होते. मी मनाशी म्हटले, सकाळी लवकर येऊन पाहू. सकाळी मी साडेसहाला पोहोचलो तेव्हा कडेची माती डोझरने साफ केली होती, भोकांसाठी जागा करायला. दीड वाजता भोंगा झाला. संध्याकाळपर्यंत ती फरस क्रशरमध्ये गेली होती.

त्या रेघा बर्फाच्या होत्या असे मी म्हणत नाही. फोरमनचेच खरे असेल. डोझरच्याच असतील तर काहीच गेले नाही. पण मला ते कधीच कळणार नाही, आणि मी त्यावेळी कोणाला सांगितलेही नाही, कारण सांगितले असते तर "मग थांबवले का नाही?" असे कोणीतरी विचारले असते. थांबवायचा अधिकार मला होता. त्या खडकाचे सिमेंट झाले. कदाचित आपल्या इथल्याच कुठल्या तरी स्लॅबमध्ये असेल.

निवृत्तीनंतर मी इरईला गेलो. धाकट्या भावाला बरोबर घेतले, तो चंद्रपूरला असतो. दुपारी पोहोचलो तर काहीच दिसेना. डोक्यावरच्या उन्हात दगड नुसता पांढरट दगड. भाऊ म्हणाला, "दादा, हेच का ते?" आम्ही सावलीत बसलो, डबा खाल्ला. साडेचारनंतर ऊन तिरपे झाले. बाटलीतले पाणी मी फरशीवर ओतले आणि हाताने पसरले, तशा रेघा वर आल्या. एक, दोन, मग सगळ्याच. भावाने चष्मा पुसला. एक गुराखी पोरगा शेळ्या सोडून आमच्याजवळ येऊन उभा राहिला आणि विचारू लागला, "काय हारपलं का तुमचं?" मी त्याला साबणाच्या वडीचा प्रयोग सांगितला. त्याने फरशीवर बोट फिरवले आणि विचारले, "मंग बरफ इकडून आला का तिकडून?"

इतका नेमका प्रश्न मला नोकरीत कोणी विचारला नव्हता. आम्ही तिघेही मग कडेकडेने, वाकून, कुठे एखादी गाठ आणि तिची शेपटी दिसते का ते अंधार पडेपर्यंत शोधत होतो.

कोणाला जायचे असेल तर डिसेंबर-जानेवारीत जावे. पावसाळ्यात त्या भागात नद्यानाल्यांना पाणी असते. हातोडा घरी ठेवावा, पाण्याची बाटली आणि फावल्या वेळेची संध्याकाळ बरोबर घ्यावी. मंडळातले चार-पाच जण तयार असतील तर एक गाडी करू. माझे नाव त्यात धरा.